सॉफ्टनरमधलं रेझिन बाद झालं, आता टाकायचं कुठे?

गंगापूर धरणाचं पाणी नळाला येतं तोवर नाशिककराला जड पाण्याची फारशी धास्ती नसते. सोसायटी बोअरवर आली की मात्र गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, आणि पंपरूममध्ये सॉफ्टनरची, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राची, उंच टाकी उभी राहते. या टाकीतलं रेझिन काही वर्षांनी बदलावं लागतं. सर्व्हिसवाला नवं भरतो आणि जुनं ओलं रेझिन गोणीत बांधून जिन्याखाली ठेवून जातो. पुढे त्या गोणीचं काय होतं, हे मीटिंगमध्ये कोणी विचारत नाही.

मूठभर रेझिन हातावर घेतलं तर खसखशीएवढे, मधाच्या रंगाचे गोल दाणे दिसतात. ते असतात पॉलिस्टायरीनचे, म्हणजे प्लास्टिकचेच. त्याच्या साखळ्या डायव्हिनाइलबेन्झिनने एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात आणि त्यांवर सल्फोनेटचे ऋणभारित गट असतात. हे गट पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतात, बदल्यात सोडियम सोडतात. मिठाच्या पाण्याने धुतलं की उलटा व्यवहार होतो आणि रेझिन पुन्हा कामाला लागतं. म्हणजे ते ‘भरून’ बाद होत नाही. पाण्यातला क्लोरीन आडवे बंध तोडतो, दाणे फुगून मऊ पडतात. बोअरमधलं लोह त्यांवर लालसर थर धरतं. मीठ तेवढंच लागतं, पण साबणाला फेस येईनासा होतो.

त्या आडव्या बंधांमुळेच भंगारवाला या गोणीकडे बघत नाही. बादली-मगचं प्लास्टिक वितळवून पुन्हा ओतता येतं. हे तापवलं तर वितळत नाही, जळतं. जाळलं की काजळी आणि सल्फर डायऑक्साइड. त्यामुळे शेकोटीत टाकायचा विचारही नको.

गटारात सोडणं त्याहून वाईट. दाणा साधारण ०.३ ते १.२ मिलिमीटरचा, म्हणजे ५ मिलिमीटरखालचं मायक्रोप्लास्टिक आयतंच तयार. पाण्यापेक्षा जड असल्याने ते तळाला बसतं. नाला शेवटी गोदावरीलाच मिळतो.

‘कुंडीत घाला, ओलावा धरतं’ असा सल्लाही ऐकू येतो. ओलावा धरतं हे खरं, वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. पण मिठाने धुतलेलं रेझिन मातीतही तेच करतं जे टाकीत करत होतं: कॅल्शियम ओढतं, सोडियम देतं. सोडियम वाढलं की काळ्या मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, वरचा थर कडक होतो. द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. पानांच्या कडा करपल्या की तो आधी सोडियमच तपासतो. गंमत म्हणजे ही अदलाबदल पहिल्यांदा मातीतच लक्षात आली. इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांनी १८५० च्या सुमाराला ती नोंदवली. कृत्रिम रेझिन आलं १९३५ मध्ये.

मग सोसायटीने करायचं काय? घरगुती पाण्यावर चाललेलं रेझिन विषारी नसतं. शेवटचं धुऊन निथळून घ्यावं, न फाटणाऱ्या दुहेरी पिशवीत बांधावं आणि आधी आरोग्य निरीक्षकाशी बोलून सुक्या कचऱ्यात घंटागाडीला द्यावं. जमिनीवर सांडू देऊ नये, फरशीवर हे दाणे भयंकर घसरतात. खरं तर मेंटेनन्सच्या करारातच ‘जुनं रेझिन परत नेणार’ असं लिहून घ्यावं.

अंबड-सातपूरच्या प्लेटिंग (धातूचा मुलामा देणाऱ्या) कारखान्यातली गोणी मात्र वेगळी. तिथल्या धुण्याच्या पाण्यातलं निकेल एक प्रकारचं रेझिन धरतं, क्रोमेट (क्रोमियमचं संयुग) दुसरं. दाणे बाहेरून तसेच दिसतात, पण आत जड धातू असतात. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत, पहिल्या परिशिष्टात, ३५.२ क्रमांकावर विषारी धातू असलेलं वापरलेलं रेझिन थेट नोंदलेलं आहे. एरवी ९० दिवसांपेक्षा जास्त ते आवारात ठेवता येत नाही. मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे जातो याची नोंद) भरून तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्राकडे पाठवावं लागतं. काही कचरा सिमेंटच्या भट्टीतही जातो. तिथे क्लिंकर (सिमेंटचा कच्चा गोळा) सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजला जातो आणि निघालेलं सल्फर चुन्यातच अडकतं.

म्हणून वापरलेलं रेझिन स्वस्तात देऊ करणाऱ्याला आधी एवढंच विचारावं, हे कोणत्या टाकीतून काढलंय?