चालू संगणकातील प्रोसेसर बदल

संगणक बंद न करता त्यातला प्रोसेसर कामातून काढणे, बदलणे किंवा नवा जोडणे. १९७६ च्या टँडम नॉनस्टॉप यंत्रात २ ते १६ प्रोसेसर असत आणि बिघडलेला भाग काम चालू असतानाच काढता येई. सनच्या एंटरप्राइझ १०००० (१९९७) मध्ये १६ पर्यंत सिस्टम बोर्ड (प्रोसेसर आणि मेमरी बसवलेल्या पाट्या) आणि प्रत्येकावर ४ पर्यंत प्रोसेसर असत; तिथे चिप नव्हे, अख्खा बोर्ड बाहेर निघे.

कोल्हापूर जिल्ह्यात ही गरज भासते ती गळीत हंगामात. साखर कारखान्याचा वजनकाटा रात्रीही चालतो आणि काट्याचा सर्व्हर थांबला की ऊस भरलेल्या ट्रॉल्या गेटाबाहेर तुंबतात. मात्र कारखान्यातला सर्व्हर साध्या दोन सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या खाचांच्या) बोर्डाचा असेल, तर चालू यंत्रात चिपला हात लावूच नये. २०० वॅटचा प्रोसेसर दोनाहून कमी व्होल्टवर चालतो, म्हणजे सॉकेटमधून १०० अँपिअरहून जास्त प्रवाह वाहतो. शिवाय मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग) आणि पीसीआय एक्सप्रेसच्या लेन (कार्डांना जोडणाऱ्या वाहिन्या) आता प्रोसेसरमध्येच असतात. चिप उचलली की त्या बाजूची रॅम, डिस्क कंट्रोलर आणि नेटवर्क कार्डही जाते.

खरी अडचण रॅमचीच आहे. प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) दुसऱ्या कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या दुसऱ्या गणन-एककावर, सहज हलतात, पण कर्नलची (लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची) स्वतःची मेमरी बहुतांशी जागची हलवता येत नाही. म्हणून बोर्ड काढता येणाऱ्या यंत्रातही कोणत्या बोर्डाची रॅम 'हलवण्याजोगी' राखायची, हे लिनक्स सुरू होतानाच ठरवावे लागते.

साध्या सर्व्हरवर हाती उरते ते कोअर ऑफलाइन करणे. आधी 'एलएससीपीयू' या लिनक्स आज्ञेच्या विस्तृत यादीत कोणता क्रमांक कोणत्या कोअरचा, ते पाहावे. हायपरथ्रेडिंग (एक कोअर दोन सीपीयूंसारखा वापरणे) असेल तर एका कोअरला दोन क्रमांक असतात आणि ते लागोपाठचे असतीलच असे नाही. १६ कोअरच्या यंत्रात ० आणि १६ ही जोडी असू शकते. कोअर सदोष असेल तर दोन्ही क्रमांक काढावेत. मग सिसएफएसमधील (कर्नलच्या सेटिंग फाइलरूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधील) त्या क्रमांकाच्या सीपीयूच्या 'ऑनलाइन' फाइलीत रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून ० लिहायचे. कर्नल त्यावरच्या प्रोसेस, टायमर आणि इंटरप्ट (उपकरणांकडून येणारे लक्षवेधी संकेत) इतरत्र नेतो. एक्स-८६ वर (इंटेल, एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर) सीपीयू ० ला ही फाइल सहसा नसते. दोष तिथेच असेल तर हा मार्ग बंद.

कर्नलने ० स्वीकारायला नकार दिला तर त्याचा लॉग (नोंदी) वाचावा. उरलेल्या कोअरवर इंटरप्ट व्हेक्टरना (इंटरप्टना दिलेल्या क्रमांकांना) जागा पुरत नाही, किंवा डेडलाइन शेड्युलिंगच्या (ठरल्या मुदतीत उरकायच्या) कामांना हमी दिलेला वेळ पुरत नाही, ही नेहमीची दोन कारणे. नकार न येताही घोळ होतो: डेटाबेस त्याच एका सीपीयूला बांधलेला असेल तर कर्नल ती बांधणी मोडून त्याला दुसरीकडे टाकतो, आणि कोअर परत ऑनलाइन केला तरी बांधणी आपोआप पूर्ववत होईलच असे नाही. उलट रीबूट झाला की सदोष कोअर पुन्हा कामाला लागतो. म्हणून बूटच्या वेळी ० लिहिणारी सर्व्हिस लावून ठेवावी.

चिपच बदलायची असेल तर काट्याची प्रणाली व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात) ठेवून, ती चालू असतानाच दुसऱ्या सर्व्हरवर हलवावी आणि रिकामा झालेला सर्व्हर बंद करून खोलावा. दोन्ही सर्व्हरचे प्रोसेसर वेगळ्या पिढीचे असतील तर हे स्थलांतर अडू शकते. म्हणून व्हर्च्युअल मशीनला सीपीयूचे मॉडेल जुन्या पिढीचे द्यावे, आणि तेही हंगामाआधी, कारण हा बदल लागू करायला व्हर्च्युअल मशीन एकदा बंद करावीच लागते.