मागच्या बाकावरची कुजबुज

मास्तर फळ्याकडे वळले की मागच्या बाकावर कुजबुज सुरू होते. शेजारच्याला ती नीट ऐकू जाते, मास्तरांपर्यंत पोचत नाही. यासाठी कुणाला काही करावं लागत नाही, मधलं अंतरच ते काम करतं. व्हिडिओ कॉलवरच्या वर्गात मात्र ही सोय गेली. तिथे तीसच्या तीस जण एकाच अंतरावर, म्हणजे थेट आपल्या कानात असतात. दोघे एकदम बोलले की दोघांचंही वाया जातं.

आभासी वास्तवातल्या वर्गांनी हे हरवलेलं अंतर परत आणलं. डोळ्यांवर हेडसेट चढवून, किंवा नुसत्या ब्राउझरमधूनही, तुम्ही आपला अवतार (तिथे आपल्या जागी वावरणारी आकृती) घेऊन एका खोलीत शिरता आणि ज्याच्या जवळ जाल त्याचा आवाज मोठा होतो. मोझिला कंपनीचं 'हब्ज' हे २०१८ मध्ये आलेलं व्यासपीठ याच पठडीतलं. मार्च २०२० मध्ये अटलांटात भरायची 'आयईईई व्हीआर' ही आभासी वास्तवावरची परिषद कोविडमुळे ऐनवेळी ऑनलाइन गेली, तेव्हा तिथल्या लोकांनी हब्जच्या खोल्यांत फिरत गप्पा मारल्या. मोझिलाने २०२४ मध्ये आपली सेवा बंद केली. पण कोड खुला असल्याने हब्ज संपलं नाही, इतरांनी ते चालू ठेवलं आहे.

अशा ॲपमध्ये आवाजाच्या सेटिंग्ज उघडल्या की बहुतेक जण माइक कुठला आणि आवाज किती एवढं बघून बाहेर पडतात. खरी गंमत त्याच्या खाली असते.

आधी दिशेचं बघू. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला थोडा उशिरा पोचतो, आणि हा उशीर जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा ठरवतो. वरच्या पट्टीतल्या आवाजांना डोकं आडवं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानाला ते हळू ऐकू येतात. ही दुसरी खूण. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी या दोन खुणांची मांडणी १९०७ मध्ये केली. पण समोरचा आवाज आणि बरोबर पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतात, मग ते वेगळे कसे कळतात? इथे कानाच्या पाळीवरच्या घड्या कामाला येतात. समोरून, मागून, वरून येणारा आवाज या घड्यांवर आपटून थोडा थोडा बदलतो, आणि आपल्या कानांचा हा हिशेब मेंदूने लहानपणापासून पाठ केलेला असतो.

ब्राउझरमधल्या ध्वनियंत्रणेत यासाठी दोन पर्याय असतात. 'इक्वलपॉवर' नावाचा पर्याय आवाज फक्त डाव्या-उजव्या कानांत वाटून देतो. 'एचआरटीएफ' नावाचा दुसरा पर्याय डोक्याच्या आणि कानांच्या मोजमापांवरून त्या घड्यांचा परिणामही आवाजात मिसळतो. अडचण एवढीच, की ती मोजमापं दुसऱ्याच कुणाच्या तरी कानांची असतात. म्हणून कधी कधी पुढचा माणूस मागे उभा असल्यासारखा वाटतो. अशा वेळी मान जराशी वळवायची. हेडसेटला डोक्याची हालचाल कळते, आवाज त्याप्रमाणे सरकतो आणि संभ्रम मिटतो. प्रत्यक्षातही आपण हेच करतो, फक्त नकळत.

हे सगळं दोन कानांत दोन वेगळे आवाज गेले तरच. एकच इअरबड घालून बसलात किंवा फोनमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू राहिला, तर खोली पुन्हा सपाट होते. (ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं त्यांनी मात्र मोनो चालू ठेवावं, नाहीतर अर्धा वर्ग हरवेल.)

दिशेचा फायदा नुसत्या वास्तवाच्या भासापुरता नाही. कॉलिन चेरी या संशोधकाने १९५३ मध्ये प्रयोग करून दाखवलं, की दोन कानांत दोन वेगळी माणसं बोलत असतील तर आपण हवं त्याच्याकडे सहज लक्ष देऊ शकतो. तीच दोन बोलणी एकत्र मिसळून ऐकवली की ती सुटी करणं फार जड जातं. गटचर्चेसाठी लागते ती हीच गोष्ट.

आता अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ॲपमध्ये हा निसर्गनियम नसतो, ते एक सूत्र असतं आणि ते कुणीतरी निवडलेलं असतं. मुळातली निवड 'इन्व्हर्स', म्हणजे व्यस्त प्रमाणाची: १ मीटरवर पूर्ण आवाज धरला तर २ मीटरवर निम्मा, ४ वर पाव, ८ वर एक अष्टमांश. नैसर्गिक वाटतं खरं, पण हा आकडा शून्यावर कधीच येत नाही. चार गट चर्चेला बसवले की उरलेल्या तीन गटांचा गलबला तळाशी घुमत राहतो. खऱ्या वर्गात निदान भिंती आणि पडदे थोडं शोषून घेतात.

दुसरा पर्याय 'लिनियर'. यात आवाज सरळ रेषेत उतरतो आणि ठरवलेल्या कमाल अंतरावर साफ संपतो. १ मीटरवर पूर्ण आवाज धरून कमाल अंतर ६ मीटर ठेवा: २ मीटरवरच्या सोबत्याचा आवाज ८० टक्के, ८ मीटरवरच्या गटाचा शून्य. निसर्गात असं कुठे घडत नाही, तरी गटकामाला माझी पसंती यालाच. सूत्र 'इन्व्हर्स'च ठेवून कमाल अंतराचा आकडा बदलत बसू नका; ब्राउझरच्या ध्वनियंत्रणेत तो आकडा फक्त 'लिनियर'मध्ये मोजला जातो. मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली आहे. 'इन्व्हर्स'मध्ये उताराचा वेग बदलायचा तर 'रोलऑफ'चा आकडा वाढवायचा. आणि शिकवणाऱ्याचा आवाज? त्याला या नियमातून सूट द्यायची, सगळ्यांना सारखाच ऐकू जाईल असा. मंडपात वक्त्यापुढे माइक ठेवतो, तसंच.

शाळेच्या संगणक कक्षात दहा मुलं शेजारी शेजारी हेडसेट घालून बसली की वेगळीच फजिती होते. शेजारणीचा आवाज आधी हवेतून येतो आणि नेटवर्कची वारी करून मागाहून पुन्हा येतो. त्याहून वाईट म्हणजे कुणाच्या तरी उघड्या स्पीकरमधून आपलाच आवाज परत येणं. स्वतःचं बोलणं सुमारे २०० मिलिसेकंद उशिरा कानावर आलं तर चांगला बोलका माणूसही अडखळतो, हे १९५० पासून ठाऊक आहे. याच तत्त्वावर जपानमध्ये बोलणाऱ्याला गप्प करणारं यंत्र बनवलं गेलं आणि त्याला २०१२ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. उपाय साधा आहे: स्पीकर बंद, प्रत्येकाला कान झाकणारे हेडफोन, आणि बोलत नसलेल्यांचे माइक बंद.

ब्लूटूथबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते: 'गाणं छान वाजतं, पण वर्गात शिरलं की सगळे विहिरीतून बोलतात.' नेहमीच्या ब्लूटूथमध्ये इअरबडचा माइक चालू झाला की जोडणी फोनवर बोलायच्या पद्धतीत जाते आणि आवाजाचा वरचा भाग कापला जातो. जुन्या साधनांत हा काप ४ किलोहर्ट्झच्या खालीच बसतो. 'स'चा सीत्कार मुख्यतः त्याच्या वर असतो, त्यामुळे 'सात' की 'हात' असा घोळ होतो. माइक वायरचा किंवा डोळ्यांवरच्या हेडसेटचाच निवडा, ऐकायला इअरबड चालतील.

शेवटचं बटण गोंगाट कमी करण्याचं. एकसुरी, न बदलणारा आवाज म्हणजे गोंगाट, अशी या यंत्रणेची जुनी समजूत आहे. पंखा, मिक्सर, एसी यांच्यावर ती फार चांगली चालते. पण गाण्याच्या वर्गात तानपुरा लावला की तोही तिच्या लेखी पंखाच. गुरू ऐकतायत, शिष्या गातेय, आणि मधला षड्ज हळूहळू विरघळून जातो. गाणं शिकवताना हे बटण बंद ठेवावं लागतं. मग अर्थातच पंखाही ऐकू येतो, म्हणून पुढच्या मे महिन्यात कुणी ऑनलाइन शिष्या घामाघूम होऊन आलाप करताना दिसली तर कारण एवढंच आहे.