दिसतं मोकळं, पण हवा खेळते का?

मुंबईत नवा फ्लॅट बघायला गेलं की सॅम्पल फ्लॅटमधली छतापासून जमिनीपर्यंतची काच आधी नजरेत भरते. पलीकडे खाडी, उड्डाणपूल, लांबवर डोंगर. ‘किती हवेशीर आहे!’ असं आपल्या तोंडून निघून जातं. त्या वेळी खिडकी बंद असते आणि एसी चालू असतो. उजेडाचं घर आणि हवेशीर घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना आपण त्या सर्रास एक करतो, आणि घर घेताना ही गल्लत महागात पडते.

उजेड एका खिडकीतून हवा तेवढा येतो. वाऱ्याला मात्र आत यायला एक वाट लागते आणि बाहेर पडायला दुसरी. इमारतीच्या ज्या अंगावर वारा आदळतो तिथे हवेचा दाब जास्त असतो, पाठीमागे कमी. हा फरकच वाऱ्याला घरातून ओढून नेतो. एकाच भिंतीत शेजारीशेजारी दोन मोठ्या खिडक्या असल्या, तरी दोन्हींवरचा दाब जवळपास सारखाच. मग वारा तोंडाशीच घुटमळतो, पलंगापर्यंत पोचत नाही.

आमच्या जुन्या तीन मजली इमारतीत पुढे गॅलरी आणि मागे स्वयंपाकघराची खिडकी, अगदी एका रेषेत. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेचा वारा सुटला की मधलं दार धाडकन आपटायचं. आईने तिथे खलबत्त्यातला बत्ता कायमचा लावून ठेवला होता. पुढे आम्ही विसाव्या मजल्यावर राहायला गेलो. खिडकी आधीच्या दुप्पट, पण तो बत्ता पुन्हा कधी लागलाच नाही. बाहेर वारा घोंघावत असायचा आणि आत देवापुढच्या उदबत्तीचा धूर सरळ वर जायचा.

दोष नकाशातच होता. मधे बंद लॉबी, तिच्या दोन्ही बाजूंना फ्लॅट, आणि प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याला बाहेरची एकच भिंत. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद उभ्या पोकळीत उघडते. तिथे शेजाऱ्यांचे एक्झॉस्ट पंखे हवा फेकत असतात, तिला वाऱ्याची वाट म्हणता येत नाही. जुन्या घरांत खोल्यांच्या दारांवर झरोके असायचे, त्यामुळे दार लावलं तरी हवा सरकत राहायची. तेही गेले.

मुंबईत याचं इतकं महत्त्व का? मे महिन्यात इथला पारा साधारण 33-34 अंशांवर असतो, म्हणजे फार नाही. पण हवा दमट, घाम सुकत नाही आणि रात्रही फारशी निवत नाही. अशा ठिकाणी अंगावरून जाणारा वारा हाच खरा गारवा. नागपूरचा उन्हाळा वेगळा. तिथे भर दुपारी खिडक्या लावून घ्यायच्या आणि रात्री उघडायच्या, हेच शहाणपणाचं. त्यामुळे ‘मोठ्या खिडक्या चांगल्या’ असं सरसकट सांगताच येत नाही.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये काढलेल्या ‘इको निवास संहिते’त, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जा-नियमावलीत, हा भेद नेमका धरला आहे. ती नुसती काच मोजत नाही, उघडणारा भाग मोजते. उष्ण-दमट हवामानात तो कार्पेट एरियाच्या, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेच्या, किमान 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश हवा. उष्ण-कोरड्या भागात 10 टक्के पुरतात. 600 चौरस फुटांच्या घराला, बाल्कनीची दारं धरून, 100 चौरस फूट उघडणारा भाग लागतो. आता दोन पल्ल्यांची सरकती खिडकी घ्या. कितीही सरकवा, एका वेळी निम्मीच उघडते. बिजागरीची खिडकी जवळजवळ पूर्ण, 90 टक्के धरतात. वर डासांची जाळी, कबुतरांची जाळी. एवढ्यातून वारा किती उरतो याचा हिशेब आपणच करायचा.

दुसरी गल्लत सावलीची. गडद काच किंवा आतला पडदा डोळ्यांना निववतो, पण ऊन काचेवर पडलेलं असतंच आणि उष्णतेचा मोठा भाग घरात शिरतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. दक्षिणेच्या खिडकीला लहानसा छज्जा पुरतो, कारण तिथलं ऊन बरंच वरून येतं. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्ज्याखालून थेट आत. त्यात मुंबईचा पेच असा की वारा पश्चिमेचा, ऊन पश्चिमेचं आणि पाऊसही त्याच बाजूने झोडपणार. बाहेर आडोसा नसेल तर जुलैत खिडकी बंदच, आणि नेमकी तेव्हाच दमट हवा जीव नकोसा करते.

या पेचाचं मला सर्वांत मनापासून पटलेलं उत्तर मुंबईतच, कंबाला हिलवर उभं आहे: वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही इमारत, 28 मजले, 32 घरं, 1983 मध्ये पूर्ण झालेली. घरं पूर्व-पश्चिम आरपार आहेत, आणि कोपऱ्यांत दोन मजले उंच, खोल गच्च्या कोरून काढल्या आहेत. जुन्या बंगल्यांचा व्हरांडा, तोच उंचावर नेलेला. ऊन-पाऊस गच्चीत थांबतो, वारा पुढे खोलीत जातो. ती श्रीमंतांची घरं, हे खरं. पण आरपार नकाशाला संगमरवर लागत नाही. आमच्या जुन्या घरातही तो होताच.

‘इतक्या उंचावर खिडक्या उघडायच्या कशा?’ हा प्रश्न रास्त आहे. वर वारा जोराचा असतो, म्हणून खिडकी थोडीथोडी उघडता यावी लागते. पण ते जमतं. सिंगापूरच्या वोहा या वास्तुरचनाकारांनी बँकॉकमध्ये ‘द मेट’ हा 66 मजल्यांचा टॉवर 2009 मध्ये असाच उभा केला. मधे मोकळ्या फटी ठेवून त्याचे भाग सुटे केले, म्हणून घरांना एकाहून जास्त बाजूंनी हवा मिळते.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटवर थांबू नका. नकाशा मागा, एका खिडकीवर बोट ठेवा आणि भिंत न ओलांडता, दारांतून वळत, दुसऱ्या बाजूच्या खिडकीपर्यंत जाता येतं का बघा. ताबा मिळायला आलेल्या इमारतीत दुपारी चारला जा, एसी बंद करायला सांगा आणि खोलीच्या मधोमध एक उदबत्ती लावा.