छतावरील सौर वीजसंच : मराठवाड्यातील निवड

घराच्या, दुकानाच्या किंवा कारखान्याच्या छतावर पॅनेल बसवून स्वतःच्या वापराची वीज तयार करणारी जोडणी म्हणजे छतावरील सौर वीजसंच. पॅनेल, ते धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा, पॅनेलची डीसी वीज घरात चालणारी एसी करणारा इन्व्हर्टर, वायरी, संरक्षक पेट्या, अर्थिंग आणि घेतलेली व परत दिलेली वीज मोजणारा नेट मीटर हे त्याचे भाग. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत उन्हाला तोटा नाही. १ किलोवॉटचा संच इथे वर्षाला साधारण १,४०० ते १,५०० युनिट देतो. मार्च-एप्रिलमध्ये रोज ५ युनिटच्या आसपास मिळतात, जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत अडीच-तीनवर समाधान मानावे लागते. संच बिघडतो तो व्होल्टेज, सांगाडा, अर्थिंग आणि पाणी या चार ठिकाणी. खरेदीच्या वेळी चर्चा मात्र पॅनेलच्या कंपनीवर अडकते, आणि या चार गोष्टी ठेकेदाराच्या मर्जीवर सोडल्या जातात.

किती किलोवॉटचा संच

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करावी आणि १,४०० ने भागावे. वर्षाला ३,६०० युनिट लागत असतील तर उत्तर २.६ येते, म्हणजे ३ किलोवॉटचा संच पुरतो. एकट्या मे महिन्याच्या बिलावरून हिशोब करू नये. कूलर दिवसरात्र चालतो त्या महिन्याचा आकडा वर्षभर लागू धरला, की संच गरजेपेक्षा मोठा होतो. संचाची क्षमता मंजूर भाराच्या (जोडणीसाठी महावितरणने मंजूर केलेल्या किलोवॉटच्या) आत ठेवावी लागते, म्हणून भार कमी असेल तर तो वाढवून घ्यावा.

घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. सौर वीज आधी वरच्या, महाग टप्प्यातली युनिट वाचवते. महिना ९० युनिट वापरणाऱ्या घराला संचाचे पैसे फिटायला फार वर्षे लागतात, ३५० युनिटवाल्याचे लवकर फिटतात. स्थिर आकार भरावाच लागतो, तेव्हा ‘बिल शून्य’ हा जाहिरातीतला शब्द जसाच्या तसा घेऊ नये. वापरून उरलेली युनिट पुढच्या महिन्यांत वळती होतात. ३१ मार्चला जी शिल्लक राहतात ती वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतली जातात आणि तो दर घरगुती दराहून बराच कमी असतो. गरजेपेक्षा मोठा संच बसवण्यात फायदा नाही, तो यामुळे.

जागा लागते किलोवॉटमागे साधारण १०० चौरस फूट, आणि ती सावलीविरहित हवी. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्या दिवसांत सकाळी ९ आणि दुपारी ३ वाजता वस्तूची सावली तिच्या उंचीच्या जवळजवळ १.८ पट पडते. दीड मीटर उंचीच्या पाण्याच्या टाकीची सावली पावणेतीन मीटर लांब जाते. टाकी, जिन्याची खोली, शेजारचा लिंब हे सगळे याच मापाने तपासावे. छतावर जाण्याची योग्य वेळ सकाळची आणि तिसऱ्या प्रहराची. भर दुपारी कोणतेही छत मोकळेच दिसते.

ऑन-ग्रिड, हायब्रिड की बॅटरीवरचा

ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेला संच सर्वांत स्वस्त आणि कमी कटकटीचा. पण लाइट गेली की तोही बंद होतो, मग डोक्यावर कितीही ऊन असो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून वीज उलटी जाऊन धक्का बसू नये म्हणून ही सोय सक्तीची आहे आणि इन्व्हर्टर त्यासाठी आयएस १६१६९ या मानकाप्रमाणे तपासलेला असावा लागतो. लाइट गेल्यावर पंखे चालू राहतील असे सांगून ऑन-ग्रिड संच विकणारा माणूस खोटे बोलत असतो.

दिवसातून एक-दोनदा, थोडा वेळ लाइट जात असेल तर ऑन-ग्रिड संच आणि शेजारी साधा बॅटरी इन्व्हर्टर ही जोडी पुरते. चार-पाच तास जात असेल तर हायब्रिडचा, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्हींना जोडलेल्या संचाचा विचार करावा. जिथे खांब पोचलेलाच नाही अशा शेतवस्तीवर पूर्ण बॅटरीवरचा संच लागतो.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. दोन जुने पंखे १५० वॉट, चार एलईडी ४०, टीव्ही ६०, राउटर १० : एकूण २६० वॉट, चार तासांना १,०४० वॉट-तास. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या ट्युब्युलर बॅटरीत १,८०० वॉट-तास साठतात, त्यांतले निम्मेच काढावेत. म्हणजे एक बॅटरी अपुरी. तेच पंखे ३० वॉटचे, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटारीचे घेतले तर गरज ६८० वॉट-तासांवर येते आणि एका बॅटरीत काम भागते. पंखे बदलण्याचा खर्च दुसऱ्या बॅटरीपेक्षा बहुतेक वेळा कमी पडतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवरच्या दर १० अंशांना जवळपास निम्मे होते, म्हणून ती जिन्याखालच्या पत्र्याच्या खोलीत कोंडू नये. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ८० ते ९० टक्के वीज काढता येते आणि ती टिकतेही जास्त, पण महाग आहे. बोअरची मोटार बॅटरीच्या बाजूला जोडू नये. सुरू होताना ती चालू भाराच्या चार-सहा पट करंट ओढते आणि ३ किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर जागेवरच बंद पडतो.

दुपारचे जादा व्होल्टेज

खेड्यात आणि शहराच्या कडेला सगळ्यात जास्त तक्रारी याच असतात. संध्याकाळी व्होल्टेज पडू नये म्हणून डीपीवरची (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरची) पातळी चढी ठेवलेली असते. दुपारी भार कमी असला की डीपीजवळच्या घरांत काटा २५० च्या वर जातो. त्यात इन्व्हर्टर वीज लाइनमध्ये ढकलताना स्वतःच्या टोकाला आणखी भर घालतो. ठरलेली मर्यादा ओलांडली की तो बंद पडतो, काही मिनिटांनी सुरू होतो, पुन्हा पडतो. मालकाला वाटते पॅनेल खराब आले.

दोष पुष्कळदा वायरीत असतो. ३ किलोवॉटचा संच सुमारे १३ अँपिअर देतो. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत ३० मीटर अंतर आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन जवळपास ६ व्होल्टची भर पडते. ६ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर अडीच व्होल्टच्या आत राहते. म्हणून संच ठरवण्याआधी आठवडाभर दुपारी १२ ते ३ या वेळेत मीटरजवळचे व्होल्टेज मोजून लिहून ठेवावे. आकडे चढेच असतील तर डीपीची पातळी खाली घेण्यासाठी महावितरणकडे लेखी अर्ज आधी द्यावा, इन्व्हर्टर मीटरच्या जवळ बसवावा आणि वायर जाड घ्यावी. गल्लीत एकाच डीपीवर आधीच पाच-सहा संच असतील तर ही तपासणी मुळीच टाळू नये.

पॅनेल आणि त्यांची माळ

मोनो पर्क आणि टॉपकॉन हे पॅनेलमधल्या सेलचे (वीज तयार करणाऱ्या चकत्यांचे) सध्याचे चालते प्रकार. ५४० वॉटचे पॅनेल सुमारे २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद आणि २८ किलो वजनाचे असते. काच दोन्ही बाजूंनी असेल तर वजन आणखी वाढते. अशी सहा पॅनेल लावली की ३.२४ किलोवॉट होतात. छापलेली क्षमता २५ अंश तापमानाची असते. एप्रिल-मेमध्ये हवा ४२ अंशांवर गेली की पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते. दर अंशाला ०.३५ टक्के घट धरली तर १४ टक्के क्षमता तिथेच जाते. टॉपकॉनमध्ये ही घट थोडी कमी असते आणि या भागात त्याचे जादा पैसे देण्यात अर्थ आहे. पॅनेलखाली हवा खेळती राहील एवढी मोकळी जागा ठेवावी.

थंडीचा विचार मात्र फार थोडे ठेकेदार करतात. परभणीत काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांखाली उतरतो आणि थंड पॅनेलचे व्होल्टेज वाढते. समजा एका पॅनेलचे खुले (भार न जोडता मोजलेले) व्होल्टेज ४९.५ आहे आणि इन्व्हर्टर ५५० व्होल्टपर्यंत सोसतो. एकामागे एक जोडलेल्या ११ पॅनेलची माळ कागदावर ५४४.५ व्होल्टची, म्हणजे बसणारी दिसते. दर अंशाला ०.२७ टक्के या हिशोबाने ५ अंशांना एक पॅनेल ५२.२ व्होल्टवर जाते आणि माळ ५७४ वर. अशा पहाटेनंतर इन्व्हर्टर उगवत्या उन्हातच जळू शकतो आणि मर्यादेबाहेरचे व्होल्टेज म्हणून वॉरंटीही हातची जाते. या माळेत १० च पॅनेल घ्यावीत.

पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी-४ कनेक्टर एकाच कंपनीचे असावेत आणि ते त्याच्या खास पकडीने दाबलेले असावेत. साध्या पक्कडीने दाबलेला जोड सैल राहतो, तापतो आणि वितळतो. छतावरचा जाळ पुष्कळदा इथूनच निघतो.

सांगाडा

पॅनेलचा कल १८ ते २० अंश आणि तोंड दक्षिणेला असावे. १०-१२ अंश कल ठेवला तर वर्षाचे उत्पादन दोन-तीन टक्केच घटते आणि वारा कमी धरला जातो. पण चिखल खालच्या कडेला साचून सेलची शेवटची ओळ झाकतो, तो पुसावा लागतो.

खरी परीक्षा वळवाच्या वादळाची. इमारतींवरील भाराच्या आयएस ८७५ या मानकाच्या भाग ३ मध्ये संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर दिला आहे. या वेगाला चौरस मीटरवर सुमारे ९१० न्यूटन दाब येतो. सुमारे २.६ चौरस मीटरच्या एका पॅनेलवर तो २४० किलो भरतो, आणि पॅनेलचे स्वतःचे वजन २८ किलो. नुसते सिमेंटचे ठोकळे ठेवून संच उभा केला असेल तर ठोकळ्यांचे वजन मोजावे : ३० सेंटिमीटर घनाचा एक ठोकळा फक्त ६५ किलोचा असतो. स्लॅबमध्ये केमिकल अँकर (रसायनाने पक्का बसवलेला बोल्ट) घ्यावा किंवा पाय कॉलम-बीमच्या रेषेवर बांधावेत, आणि छिद्रांभोवती गळतीरोधक भरल्याशिवाय कामगारांना खाली उतरू देऊ नये. गच्चीवर पापड, कुरडया, मिरच्यांचे वाळवण घालायचे म्हणून सात-आठ फूट उंच सांगाडा मागितला जातो. मागणी रास्त आहे, पण तो जास्त वारा धरतो, तेव्हा आडव्या-तिरप्या आधारांची संख्या वाढवावी. जस्ताचा थर ८० मायक्रॉनचा घ्यावा आणि जागेवर वेल्डिंग करू देऊ नये. जस्त जळालेल्या ठिकाणी दोन पावसाळ्यांत गंज धरतो.

जुन्या माळवदाच्या घरावर संच बसवू नये. मातीचे छप्पर आधीच जड असते आणि अँकर धरायला त्यात काही नसते. अंगणात खांबांवर उभा करणे बरे.

गारपिटीची भीती रास्त आहे, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट या भागाने पाहिली आहे. पॅनेलची प्रमाणित चाचणी २५ मिलिमीटरच्या गारेची असते. त्याहून मोठ्या गारेची हमी नाही, म्हणून विमा उतरवावा.

अर्थिंग

तीन वेगळे खड्डे लागतात : डीसी बाजूचा, एसी बाजूचा आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा. काळी माती पावसाळ्यात ओल धरते, उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. त्यामुळे जुलैत २ ओहम दाखवणारा खड्डा मेमध्ये १५ दाखवू शकतो, आणि विजा कडाडतात त्या नेमक्या मे-जूनमध्ये. मोजणी उन्हाळ्यात करावी आणि ५ ओहमच्या आत आणावी. खाली मुरूम किंवा काळा पाषाण लागला तर खोल जाण्याऐवजी दोन-तीन इलेक्ट्रोड अंतर ठेवून जोडावेत. खड्ड्यात बेंटोनाइट ही ओल धरणारी माती भरावी.

धूळ आणि पाणी

सहा पॅनेल पुसायला १५ ते २० लिटर पाणी पुरते. फेब्रुवारी ते मे दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा पुसावे. टँकरच्या दिवसांत पाइप लावून धुणे परवडत नाही आणि गरजही नाही. बोअरचे क्षारयुक्त पाणी काचेवर वाळले की पांढरा थर बसतो, तो नंतर घासूनही निघत नाही. साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. तेही नसेल तर बोअरच्या पाण्याने पुसून लगेच रबरी वायपरने कोरडे करावे. वेळ सूर्योदयाची. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकले तर ती तडकू शकते. सोयाबीनची मळणी, साखर कारखान्याचा गळीत हंगाम आणि खडी क्रशर जवळ असेल तर थर लवकर बसतो.

अनुदान

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. पॅनेल देशात बनलेल्या सेलची असावी लागतात आणि ठेकेदार राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही. संच चालू होऊन नेट मीटर बसल्यावर रक्कम ग्राहकाच्या खात्यात जमा होते, ठेकेदाराच्या नव्हे. शेवटचा हप्ता नेट मीटर लागेपर्यंत राखून ठेवावा. शेतीपंपाची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना वेगळी आहे. तिथे शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा असतो.

व्यवसायासाठी

दुकान-कारखान्यांना हे अनुदान नाही, पण आयकरात ४० टक्के दराने घसारा मिळतो. हंगामी धंद्याला वर्षाची सीमा सोयीची पडते. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. एप्रिलपासून साठलेली युनिट त्यात ३१ मार्चच्या आत खर्ची पडतात. टीओडी (वेळेनुसार वेगळा दर लावणारा) मीटर असेल तर दुपारची युनिट रात्रीच्या महाग वेळेत वळती होतात का, हे करारापूर्वी लेखी विचारून घ्यावे. जिनिंगच्या छतावर रुईचे तंतू पॅनेलखाली अडकून आगीला निमित्त होतात आणि इन्व्हर्टरच्या पंख्यात घुसून तो तापवतात. इन्व्हर्टर रुईच्या दालनाबाहेर ठेवावा. सिमेंटच्या पत्र्यावर भार टाकू नये.

मोठ्या ग्राहकाचे बिल वाढण्याचे एक कारण क्वचितच सांगितले जाते. मोटारींना कामाच्या विजेखेरीज चुंबकीय क्षेत्रासाठीही वीज लागते, ती केव्हीएआरमध्ये मोजतात. कामाच्या विजेचे एकूण विजेशी प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. १०० किलोवॉटचा भार ०.९५ पॉवर फॅक्टरवर चालत असेल तर ३३ केव्हीएआर लागतात. सौर संचाने ७० किलोवॉट उचलले की ग्रिडमधून ३० किलोवॉटच येतात, पण केव्हीएआर पूर्वीइतकेच. पॉवर फॅक्टर ०.६७ वर कोसळतो आणि केव्हीएएच पद्धतीच्या (एकूण विजेवर आकारलेल्या) बिलात ३० ऐवजी ४४.५ चे पैसे लागतात. उपाय साधा आहे : एपीएफसी पॅनेलचा (कपॅसिटर आपोआप जोडणाऱ्या पेटीचा) सीटी, म्हणजे प्रवाह मोजणारे कडे, सौर जोडणीच्या आधी, महावितरणच्या मीटरच्या बाजूला बसवावा, म्हणजे ग्रिडकडून येणारा प्रवाह त्याला दिसतो. लागतील तेवढे कपॅसिटर वाढवावेत, आणि इन्व्हर्टरमध्ये केव्हीएआर देण्याची सोय असेल तर ती चालू करून घ्यावी.