वारा लागतो म्हणून गाडी बदलायची? त्याआधी एवढं तपासून घ्या

हायवेला लागलं की हेल्मेट डुगडुगतं, कानात घोंघावतं, मान आखडते, आणि पुण्याला पोहोचेपर्यंत माणूस वैतागून जातो. मग घरात विषय निघतो: ही गाडी काढू, मोठी घेऊ. सातारा, वाई, कोरेगाव, कराडहून आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक हा निर्णय जवळजवळ घेऊनच आलेले असतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. आम्ही नव्या गाड्या विकत नाही आणि जुन्या विकत घेत नाही. सीट, वारा अडवणारी पुढची काच (विंडशील्ड), हँडल आणि शॉकअपची कामं करतो. काच विकणं हा आमचा धंदा आहे, तरीही खाली काही ठिकाणी काच काढून टाका असाच सल्ला मिळेल, कारण कामात आम्हाला तेच दिसलं आहे.

डोक्यावर वारा कसा येणार हे गाडी, काच, हेल्मेट आणि तुमची उंची मिळून ठरवतात. मित्राला ज्या गाडीवर काहीच त्रास नाही, तिच्यावर तुमचं डोकं हलू शकतं. म्हणूनच लाख-दोन लाख घालून नवी गाडी आणली आणि तोच त्रास तिच्यावरही सुरू झाला, असं घडतं. हे टाळता येण्यासारखं आहे.

त्रास वाऱ्याचाच आहे ना?

"गाडी कम्फर्टेबल नाही" या एका वाक्यात तीन वेगळे त्रास लपलेले असतात. बोटांना आणि तळपायांना मुंग्या येत असतील तर ते व्हायब्रेशन. तासाभरात माकडहाड किंवा मांड्या दुखायला लागत असतील तर सीट आणि बैठक. मान, खांदे भरून येणं, डोकं जड होणं, उतरल्यावरही कानात गुणगुण राहणं, समोरची पाटी थरथरताना दिसणं, हे मात्र वाऱ्याचं काम.

त्रास कोणत्या वेगाला सुरू होतो तेही बघा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: 80 वरून 100 वर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण वाऱ्याचा जोर दीडपटीहून जास्त होतो. चार पदरी महामार्गावर दुचाकीला वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटरची आहे. तुमची गाडी 75-80 ला शांत असेल आणि 95 नंतरच डोकं हलत असेल, तर आमच्या मते त्यासाठी खर्च करू नका, ना काचेवर, ना नव्या गाडीवर. 70 लाच हेल्मेट हलत असेल, तर पुढचं वाचा.

भोवरा कुठे असतो

पावसाळ्यात कृष्णेच्या पुलावरून खाली पाहा. पाणी खांबाला आपटून दोन्ही बाजूंनी फुटतं आणि खांबाच्या मागे भोवरे फिरत राहतात. काचेच्या वरच्या कडेमागे हवेचं तसंच होतं. कडेच्या बरंच वर हवा सरळ वाहते, काचेच्या अगदी आड ती बरीच शांत असते, आणि या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात भोवरे असतात. तो पट्टा छातीवर आला तर फारसं जाणवत नाही. हनुवटीपासून कपाळापर्यंत कुठेही आला की हेल्मेट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे धक्के खातं. ते सावरण्यात मानेचे स्नायू दमतात.

मोठी काच लावली की वारा थांबेल, हा हिशोब बऱ्याचदा फसतो तो इथेच. छातीवर मोडणारा भोवरा मोठी काच उचलून नेमका तोंडावर आणून ठेवते. काच नसलेल्या गाडीवर वारा छातीला सतत दाबतो, थकवाही येतो, पण डोकं स्वच्छ वाऱ्यात असल्यामुळे हलत नाही. उंच माणसाला हाच वारा परवडतो.

आणखी एक गोष्ट. उंच काचेमागे हवेचा दाब कमी होतो आणि ती जागा भरायला मागून, खालून हवा आत येते. पाठीत कुणीतरी ढकलतंय असं वाटतं ते त्यामुळे. काच आणि हेडलाइट यांच्यामध्ये दोन-तीन सेंटीमीटरची फट सोडली की खालून वारा शिरतो आणि हा त्रास बराच कमी होतो. काचेचे स्क्रू सैल करून स्पेसर, म्हणजे अंतर ठेवणारे छोटे तुकडे, टाकायचे, एवढंच काम असतं. कधी त्यावरच भागतं.

फुकटात करता येईल अशी चाचणी

सकाळी, वारा पडलेला असताना, रिकामा सरळ पट्टा बघा. रोजचंच हेल्मेट घाला. ताशी 70 च्या आसपास एकसारखा वेग धरा. दोन्ही हात हँडलवर, गुडघे टाकीला, आणि सीटवरून हळूच वर उठा, पूर्ण उभं राहायची गरज नाही. डोकं वर जाताच हेल्मेट स्थिर झालं आणि आवाज एकसुरी झाला, तर तुमचं डोकं काचेच्या भोवऱ्यात आहे. मग बसा आणि थोडं पुढे वाका. खाली शांत वाटलं तर काच किती कमी पडते ते कळलं. वर जाऊन शांत व्हायला दोन इंच पुरतात आणि खाली जायला सहा इंच लागतात, असं असेल तर काच लहान करणंच बरं.

दुसरी चाचणी याहून सोपी: काच काढा आणि रोजच्या रस्त्यावर एक फेरी मारा. बहुतेक काचा तीन-चार स्क्रूवर असतात. मागे बसणाऱ्या व्यक्तीला घेऊनही एकदा जा. काचेचा भोवरा चालवणाऱ्याच्या डोक्यावरून जाऊन मागच्या व्यक्तीच्या तोंडावर मोडतो, आणि घरातली माणसं हे बोलून दाखवत नाहीत, फक्त पुढच्या वेळी एसटीने जाऊ म्हणतात.

काच निवडताना

काचेची वरची कड तुमच्या नजरेच्या रेषेखाली असावी, साधारण नाक-हनुवटीच्या उंचीला. काचेतून बघत गाडी चालवायची नाही. पावसात, रात्री, समोरून ट्रकचे दिवे आले की ओल्या, ओरखडलेल्या काचेवर सगळं पांढरं होतं आणि खड्डा दिसत नाही. पाच-दहा मिलिमीटर खाली-वर किंवा थोडा तिरका कोन, एवढ्यानेही फरक पडतो. काच मागे कलली की भोवरा खाली येतो, उभी केली की वर जातो. आहे ती काच थोडी कमी पडत असेल तर वरच्या कडेला चिमट्याने बसणारा डिफ्लेक्टर, म्हणजे वारा वळवणारी छोटी जादा पट्टी, लावून आधी फिरून बघा.

कराडकडचे एक शिक्षक, उंची सहा फुटांच्या आसपास, 350 सीसी गाडी. त्यांनी बाहेरून उंच काच लावून घेतली होती, डोकं हलायला लागलं म्हणून त्याहून उंच लावली, आणि शेवटी मोठ्या गाडीचं बुकिंग करायच्या बेतात होते. आम्ही त्यांना सीटवर बसवलं, बाजूला उभं राहून काचेच्या कडेपासून हेल्मेटपर्यंत दोरी धरली. दोरी सरळ व्हायझरच्या मध्यावर जात होती. काच काढून स्पीडोमीटरच्या जेमतेम वर येणारी छोटी काच लावली. आता वारा त्यांच्या खांद्यावर आणि हेल्मेटवर सरळ येतो, पण डोकं हलत नाही. गाडी त्यांच्याकडेच आहे.

हँडलला बांधायची मोठी काच घेताना आपल्या भागाचा विचार जरूर करा. चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जून ते सप्टेंबर तिथे बाजूने येणारा वारा हँडलवरच्या काचेला ढकलतो आणि तो धक्का थेट स्टिअरिंगला जातो. पठारावर नेहमी जाणं-येणं असेल तर पावसाळ्यापुरती मोठी काच उतरवून ठेवा.

पुसण्याबद्दल एकच: पेट्रोल, रॉकेल, अमोनियाचा काच क्लीनर नको. प्लास्टिकच्या काचेवर बारीक चिरा पडतात. चिकटलेले किडे ओल्या फडक्याखाली पाच मिनिटं भिजू द्या, मग अलगद काढा. स्क्रू आवळताना रबरी वॉशर दबला की थांबायचं.

हेल्मेट, कपडे, सामान

पुढे टोपीसारखी चोच असलेलं हेल्मेट हायवेला वारा पकडतं. चोच निघत असेल तर ती काढून फिरून पाहा. हेल्मेटची आतली गादी वापराने दबते आणि ते डोक्यावर फिरायला लागतं. हनुवटीकडे धरून हलवा: गालाची कातडी सोबत हलली तर माप बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर बदलायची वेळ आली. नवं घेताना आयएसआय खूण, म्हणजे आयएस 4151, बघूनच घ्या. फोमचे इअरप्लग वाऱ्याची शिट्टी कमी करतात, हॉर्न तरीही ऐकू येतो, आणि कानासाठी ते गरजेचे आहेत. सैल विंडचीटर, फडफडणारा रेनकोट, पाठीवरची उंच सॅक यांनीही खांदे दमतात.

वाऱ्याच्या नावावर खपणारे बिघाड

हे दुर्लक्षित राहू नये म्हणून मुद्दाम लिहितो. 'वाऱ्याने गाडी हलते' म्हणून आलेल्या गाडीचा आम्ही आधी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, तपासतो. मेनस्टँडवर पुढचं चाक उचलून फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची, खालची टोकं धरून पुढे-मागे ओढतो. टकटक लागलं तर कोनसेट सैल, आणि हँडल वळवताना मध्यभागी अडकल्यासारखं झालं तर त्याला खाचा पडल्या आहेत. सरळ रस्त्यावर झिजून मधोमध सपाट झालेला टायर, कमी हवा, स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं) झिजलेलं बुश, मागे उंच टॉपबॉक्समध्ये भरलेलं जड सामान, हे सगळं हायवेला वाऱ्यासारखंच जाणवतं. यावर काच हा उपाय नाही, आणि ही दुरुस्ती पुढे ढकलायची नाही.

हँडल घट्ट पकडून बसण्याची सवयही तपासा. वाऱ्याचा प्रत्येक धक्का ताठ हातांतून हँडलला जातो आणि गाडी जास्त डुलते. कोपर सैल, पकड गुडघ्यांची.

सीट आणि हँडल

फोम दबला असेल तर तो बदलून सीटचा आकार तुमच्या बसण्याप्रमाणे करता येतो. सीट उंच केली की डोकंही वर जातं आणि काचेचं गणित बदलतं, म्हणून आधी सीट आणि नंतर काच, हा क्रम आम्ही पाळतो. हँडल रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे तुकडे, लावताना दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लच केबल आणि ब्रेकचा पाइप ताणत नाही ना, ते तुमच्यासमोर दाखवतो. चासी कापण्या-जोडण्याचं काम आम्ही करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये ते बसत नाही आणि ते सुरक्षितही नाही.

गाडी खरंच बदलावी असं कधी

काही गाड्यांवर खर्च करू नका, असं आम्ही स्वतः सांगतो. 100 सीसीची, 110-115 किलोची गाडी घेऊन मागे कुणाला बसवून रोज हायवेला 80-100 किलोमीटर होत असतील, तर ट्रक बाजूने गेल्यावर गाडी ढकलली जाणारच. तिथे वजनाची आणि ताकदीची गरज आहे. इंजिनचं व्हायब्रेशनही काचेने जात नाही. रॉयल एनफिल्डच्या जुन्या यूसीई 350 इंजिनला व्हायब्रेशन कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट नव्हता, 2020 च्या मेटिऑरपासून आलेल्या नव्या 350 इंजिनला तो आहे, आणि हायवेला हा फरक हाताला कळतो. पाय पुढे टाकून बसायच्या क्रूझरवर सगळा भार माकडहाडावर येतो आणि वाऱ्यात छाती मागे ढकलली जाते. पाठीचं दुखणं असलेल्याला ती बैठक सोसत नसेल तर सीट बदलून मर्यादितच फायदा होईल.

मात्र खर्चाचा आकडा पूर्ण मांडा. शोरूमच्या किमतीवर महाराष्ट्रात इंजिनाच्या आकारानुसार 10 ते 12 टक्के एकरकमी वाहन कर, शिवाय नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत जीएसटी 18 टक्के आहे, त्यावरच्या गाडीला 40 टक्के. विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत पहिलं वर्ष संपताना 15 टक्के आणि दुसऱ्या वर्षात एकूण 20 टक्के घटलेली धरतात. आणि मोठ्या इंजिनचा वेग वापरायचा कुठे, हाही प्रश्न आहे: मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही.

बदलायचं ठरलंच तर टेस्ट राइडला स्वतःचं हेल्मेट न्या, मागे बसणाऱ्याला सोबत घ्या, आणि शोरूमवाल्यांना हायवेची फेरी मागा. बाजारपेठेतल्या गल्लीत 40 च्या वेगाने गाडी फिरवून वारा कळत नाही. किमान पंधरा-वीस मिनिटं 70-80 ला चालवा. देत नसतील तर तीच गाडी असलेला ओळखीचा माणूस शोधा.

आमच्याकडे येताना

हेल्मेट, नेहमीचं जॅकेट आणि शक्य असल्यास मागे बसणारी व्यक्ती, तिघांनाही आणा. रविवारी गर्दी असते, मधल्या वारी सकाळी आलात तर निवांत पाहता येतं. कोनसेट, टायर आणि काचेची तपासणी आम्ही पैसे न घेता करतो. लहान, मध्यम आणि उंच अशा ट्रायलच्या काचा ठेवल्या आहेत. त्या लावून हायवेला फिरून या, आणि फरक वाटला तरच नवी काच घ्या.