मुलाखतीतील रूप-पूर्वग्रह

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराच्या दिसण्यावरून, किंवा तो स्त्री आहे की पुरुष यावरून, त्याच्या कामाच्या कुवतीबद्दल मत बनवण्याची प्रवृत्ती. गुण देणाऱ्याला बहुधा तिची जाणीव नसते.

तिचा उगम ‘वलय परिणाम’ (एका गुणावरून माणसाच्या बाकीच्या गुणांबद्दलही मत बनवणे) या संकल्पनेत शोधतात. श्रेय सहसा मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांना दिले जाते. सैन्याधिकारी हाताखालच्यांना गुण देताना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांची गल्लत करतात, असे त्यांनी 1920 मधील लेखात दाखवले. मात्र त्याच लेखात 1915 मधील दोन औद्योगिक कंपन्यांच्या पाहणीचा हवाला आहे, आणि एफ. एल. वेल्स यांनी साहित्यिकांच्या मूल्यमापनातला असाच दोष 1907 मध्ये टिपला होता. तेव्हा ‘वलय’ हा शब्द थॉर्नडाइकांचा, पण निरीक्षण त्याआधीचे, असे म्हणणे अधिक रास्त.

रूप स्त्रीला तारते की मारते, यावर एकमत नाही. हाइलमन व सारुवातारी (1979) यांच्या मते देखणेपण पुरुषाला सर्वत्र फळते. स्त्रीला कारकुनी पदासाठी फळते, व्यवस्थापकीय पदासाठी नडते. होसोदा व सहकाऱ्यांच्या 2003 मधील एकत्रित आढाव्यात लाभ दोघांनाही दिसला. अनेक प्रयोगांवर आधारलेला असल्याने हा निष्कर्ष अधिक भरवशाचा वाटतो.

स्त्री म्हणून डावलण्याचे पुण्यातील सर्वपरिचित उदाहरण 1974 च्या सुमाराचे. टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. तेव्हा बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. पुण्याला मुलाखतीचे बोलावणे आले आणि त्या रुजू झाल्या. आज दार उघडे आहे, पण आतले प्रश्न सारखे नाहीत. कॅम्पस मुलाखतीत मुलाला प्रोजेक्टबद्दल विचारतात. मुलीला त्याच्या जोडीला ‘लग्नाचं काय ठरलंय?’, ‘नाइट शिफ्टला घरचे सोडतील का?’ हेही. उत्तर काहीही दिले तरी ते तिच्या विरोधात धरले जाऊ शकते, हा उघड अन्याय आहे. रिसेप्शनिस्टच्या छोट्या जाहिरातीत तर ‘स्मार्ट, प्रेझेंटेबल मुलगी पाहिजे’ एवढीच पात्रता असते.

घटनेचे कलम 16(2) सरकारी नोकरीत लिंगभेदाला मनाई करते. 1976 च्या समान वेतन कायद्याने (2025 मध्ये त्याची जागा वेतन संहितेने घेतली) ती भरतीपुरती खासगी क्षेत्रालाही लावली. रूपाचा उल्लेख दोन्हींत नाही.

उपाय म्हणून रचनाबद्ध मुलाखत सुचवतात: सर्वांना तेच प्रश्न, प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण, आणि सगळ्यांचे गुण नोंदवून होईपर्यंत परीक्षकांची आपसांत चर्चा नाही.