यंत्र गेलं, कागदाचा चौकोन आला

छोटे दुकानदार नव्या तंत्राला बिचकतात, असं सर्रास म्हटलं जातं. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. डिजिटल पेमेंटला त्यांनी इतकी वर्षं दिलेला नकार हिशेबातून आलेला होता.

1950 साली अमेरिकेत डायनर्स क्लबचं कार्ड निघालं, तेव्हा बिलातले 7 टक्के विकणाऱ्याकडून कापले जात. पुढे दर उतरले. तरी यंत्राचं भाडं होतं, फोनची जोडणी लागे आणि पैसे खात्यात पडायला दिवस जात. आजच्या गल्ल्यातून उद्याचा माल भरणाऱ्याला हे झेपणार कसं? 2009 मध्ये सुरू झालेल्या, फोनला जोडायच्या छोट्या यंत्राने कार्ड घेऊ देणाऱ्या स्क्वेअर या अमेरिकी कंपनीचं मूळही इथेच आहे. तिचे सहसंस्थापक जिम मॅकेल्वी काचेच्या कलावस्तू बनवत, आणि कार्ड घेता न आल्यामुळे त्यांचं एक गिऱ्हाईक हातचं गेलं होतं.

केनियात वाट वेगळीच निघाली. तिथली एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवायची सेवा मुळात छोट्या कर्जांचे हप्ते फेडण्यासाठी आखली होती. चाचणीतच दिसलं की लोक ती एकमेकांना पैसे पाठवायला वापरतात. मग मार्च 2007 मध्ये सफारीकॉम या मोबाइल कंपनीने ती त्याच कामासाठी बाजारात आणली. साधा फोन पुरे होता. गंमत अशी, की दुकानदार यात आधी एजंट म्हणून आला: रोख घ्यायची, फोनवर जमा करायची, कमिशन मिळवायचं. मालाचे पैसे फोनवर घेण्याची खास सोय 2013 मध्ये आली. तोवर या पैशावर त्याचा विश्वास बसलेला होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच.

क्यूआर कोड 1994 चा, जपानच्या डेन्सो कंपनीतला. मासाहिरो हारा यांच्या गटाने तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला आणि कंपनीने तो सर्वांना मोफत वापरू दिला. 2011 मध्ये चीनमध्ये अलीपे या पेमेंट सेवेने तो पेमेंटला लावला आणि बाजू उलटली. यंत्र आता गिऱ्हाइकाच्या खिशात होतं, दुकानदाराला छापील कागद पुरला.

भारतात यूपीआय एप्रिल 2016 मध्ये आलं, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. पण दुकानदार टिकून राहिला त्याचं श्रेय मी 1 जानेवारी 2020 ला देईन. त्या दिवसापासून यूपीआयवरचं व्यापारी शुल्क शून्य झालं. पुढे बोलका स्पीकर आला. हात कामात असतानाही पैसे जमा झाल्याचं कानावर पडू लागलं आणि खोट्या स्क्रीनशॉटची धास्ती कमी झाली. ब्राझीलमध्ये 2020 च्या नोव्हेंबरात मध्यवर्ती बँकेनेच यूपीआयसारखं पिक्स सुरू केलं. तिथेही पैसे काही सेकंदांत जमा होतात.

शुल्क गेलं, व्यवहार चालवण्याचा खर्च मात्र उरला. भारतात त्याचा काही भाग सरकार प्रोत्साहन अनुदानातून उचलतं, आणि निदान मोठ्या व्यापाऱ्यांकडून तरी शुल्क घेऊ द्या, अशी पेमेंट कंपन्यांची मागणी आहे.